स्वयंपाकघरावरचा पत्रा

निजामाच्या राज्यात, आमचं नवं लग्न झालेलं असताना, हिंगोलीहून बैलगाडीत कडबा अंथरून घरासाठी पत्रे आणले. त्यांचा लखलखाट पाहायला गल्ली जमली होती. "पत्रा उभा धरून न्या, सपाट धरला तर वारा उचलतो," मिस्त्रीचाचांनी बजावलं होतं. गल्ली पांगल्यावर मी घाईत एक पत्रा सपाटच उचलला. दुसरं टोक बायकोकडे. वारा खालून घुसला नि मी घाबरून हात सोडले. तिनं सोडले नाहीत. तिचा तळहात चिरला. विळा लागला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

परवा तिला म्हणालो, "पत्रा मी सोडला होता."

"ठावं हाय," ती हसली. "म्हणून तर मी धरला. नव्या पत्र्याला पोचा आला असता न्हाई का?"

स्वयंपाकघरावर तो पत्रा अजून सरळ आहे. तिची मूठ मात्र पुरती मिटत नाही.