एका गाडीवर दोन मास्तर

आमच्या क्लासमध्ये सगळेच सर होते. भौतिकचे सर, रसायनचे सर, फाटकावर हजेरी घेणारे सर, झेरॉक्स काढणारेसुद्धा सरच. म्हणून ज्यांचा क्लास होता त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि आमच्या बोळात सकाळी सहाच्या बॅचला पाय ठेवायला जागा नसायची. ही जागा अडवायचो आम्हीच. मुलं सायकलवर यायची, आणि आम्ही मास्तर एकेका मोटारसायकलवर एकेकटे, धूर सोडत, मिरवणुकीतल्या नवरदेवासारखे.

मोठ्या सरांचं घर क्लासच्या गच्चीवरून दिसायचं. तरी तेही गाडीवरच यायचे. एकदा ते पर्यावरणाचा धडा घेत होते. इंधन, धूर, वाढतं तापमान असं सगळं रंगात आलेलं असताना पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तुमचं घर तर इथंच हाय. मग तुमी गाडीवर कशाला येता?"

वर्ग हसला, मोठे सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते चालत आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला नियम लावला, कारण नुकता चालायला लागलेला माणूस दुसऱ्याला सुखानं बसू देत नाही.

नियम असा होता. चालत, सायकलवर किंवा एका गाडीवर दोघं आले, तर गाडी आत कडुलिंबाच्या सावलीत लावायची आणि पुढच्या महिन्याचं वेळापत्रक आधी आपण निवडायचं. एकटा आला तर गाडी बाहेर उन्हात, आणि उरलेली बॅच गळ्यात. उरलेली म्हणजे पहाटेची, हे सांगायला नको. मोठ्या सरांनी याआधी 'इंधन वाचवा'ची दोन भाषणं दिली होती आणि त्यानं एक चाकही थांबलं नव्हतं. एप्रिलमधल्या लातुरी उन्हात तापलेल्या सीटवर एकदा बसून बघा, म्हणजे सावलीनं काय काम केलं ते कळेल.

लोकांनी पळवाटाही काढल्या. जीवशास्त्रवाले मेहुण्याला मागं बसवून आणायचे आणि फाटकातून परत पाठवायचे. दोन ज्येष्ठ मास्तरांचं, मागं कोणी बसायचं यावरून, चार दिवस अडलं होतं. रसायनवाला मराठीवाल्याच्या मागं बसला तर विषयाची इज्जत जाते म्हणे! शेवटी मोठ्या सरांनीच घराघराचा पत्ता बघून जोड्या लावल्या आणि यादी भिंतीवर चिकटवली.

यादी वाचून माझं डोकं सणकलं. माझी जोडी आमच्या गल्लीतल्या गणिताच्या मास्तराशी होती. त्याच्याशी मी वर्षभर एक शब्द बोललो नव्हतो.

त्याच्याइतका जवळचा माणूस मला नव्हता, ही खरी गोष्ट. भूकंपानंतर घरात पाऊल टाकायची कुणाची छाती होईना, तेव्हा सगळ्या गल्लीनं रस्त्यावरच चुली मांडल्या होत्या. त्याची चूल आमच्या शेजारी. काड्यापेटी माझी, साखर त्याची, अशी ओळख झाली आणि वाढत गेली. पुढं दोघं एकाच क्लासात शिकवायला लागलो. क्लासवाल्या गावात दोन मास्तरांचं जुळलं की तिसरा विचार आपोआप येतो, आपला क्लास काढायचा! तो म्हणाला होता, "दम धर. पोरांची परीक्षा होऊ दे." मला दम कसला निघतो! मी गुपचूप पेंटरकडं जाऊन दोघांच्या नावाचा बोर्ड रंगवायला टाकून आलो, म्हणजे झाल्यावर त्याला एकदम दाखवू.

आठवड्यातच मोठ्या सरांनी मला बोलावून विचारलं, "मग, नवा क्लास कधी काढताय?" ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. मी बोललो नव्हतो, म्हणजे तो बोलला. इतकं सोपं गणित मीही सोडवू शकत होतो. मोठ्या सरांनी मला काढलं नाही, भौतिकचे मास्तर सहज मिळत नसत म्हणून. पण मी त्याला मनातून काढून टाकलं. बोर्ड आणायलाही गेलो नाही. आमच्या बायकांनी मात्र हे भांडण मानलंच नाही. शेंगांच्या चटणीची वाटी भिंतीवरून जात होती, तशीच जात राहिली.

आणि आता याच माणसाला चिकटून बसायचं! एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. त्याच्या आठवड्यात मी मागं बसायचो आणि मध्ये दप्तर ठेवायचो. गतिरोधक आला की तो खाकरायचा, मी सीट घट्ट धरायचो. तेवढाच आमचा संवाद. एरवी त्याची ओळखीची पाठ समोर बघून मला भरून यायचं आणि भरून येतंय म्हणून आणखी राग यायचा.

तिसऱ्या आठवड्यात पाइपलाइनसाठी आमचा रस्ता खणला. त्यानं गाडी गोलाईच्या बाजारामागच्या बोळातून घातली. पेंटरचाचांचं दुकान तिथंच होतं. गावातल्या झाडून सगळ्या क्लासचे बोर्ड हेच चाचा रंगवायचे. आम्हाला बघून त्यांनी हातातल्या ब्रशसकट हात वर केला. गाडी थांबली.

"सर, तुमचा बोर्ड कवा नेताव? साल झालं, जागा अडवून राहिलाय."

"नेतो, नेतो," मी घाईघाईनं म्हणालो.

"तुमच्या मोठ्या सरांना लई आवडला होता हो. ते त्यांचा बोर्ड न्यायला आलते, तवा तुमचा बाजूलाच सुकून राहिला होता. उभं राहून दोनदा वाचला त्यांनी."

पुढं बसलेल्यानं चाचांना मान हलवून गाडी सुरू केली.

सगळ्या गावाचा पेंटर एक, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? चोरी करायला निघालो होतो आणि मालकाच्याच ओसरीवर सामान ठेवून आलो होतो. वर्षभरानं मी पहिल्यांदा त्याच्या पाठीशी बोललो.

"तुला हे माहीत होतं?"

"मोठ्या सरांनी त्याच दिवशी सांगितलं मला. म्हणले, तुमच्या दोस्तानं बोर्डावर अक्षर झकास काढून घेतलंय."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"आलतो की सांगायला. तू घरात हायस हे दिसून राहिलं होतं, आन् वहिनी म्हणल्या घरात न्हाईत."

ते मला आठवलं. मीच आतून तिला तसं सांगायला लावलं होतं. तो दारात थोडा वेळ उभा राहिला होता आणि त्याच्या चपला वाजत गेलेल्या मी ऐकल्या होत्या. आपल्याला फसवणारा माणूस कसा तोंड वर करून आला, असं मी बायकोला वर म्हणालोही होतो. वर्षभर मी ज्याला फितूर समजत होतो, त्यानं त्या वर्षात मला एकदाही खोटं पाडलं नव्हतं. मी मधलं दप्तर काढून मांडीवर घेतलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"काय?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"म्हटलं, चुकलं माझं."

"वाऱ्यानं ऐकू येईना."

"अरे, चुकलं माझं!" मी एवढ्यानं ओरडलो की रस्त्याकडेचा केळीवाला हातातला घड तसाच धरून बघत राहिला.

त्यानं गाडी फाटकातून आत घेतली, कडुलिंबाखाली लावली, किल्ली खिशात टाकली आणि मग माझ्याकडं वळला. त्याचे डोळे ओले होते आणि तो हसत होता.

"पहिल्या बारीलाच ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "पर साल झालं गड्या. म्हणलं, तीनदा तरी ऐकावं."