बापूंची चौकशी

बापू, म्हणजे माझे वडील, जव्हारच्या कचेरीत कारकून होते आणि चौकशी केल्याशिवाय पाणीही प्यायचे नाहीत. कुणाकडे गेले की चहा थंड होईपर्यंत "दूध कुठलं?" हेच चालायचं.

मी चौथीत असताना एकाएकी वाळत गेले. सारखी तहान, सारखं बाहेर पळणं. एकदा शाळेतच कोसळले. नाशिकच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. रोज इन्सुलिनची सुई, जन्मभर. बापूंनी एवढंच विचारलं, "हे आलं कुणाकडून?"

झालं, चौकशी सुरू! स्वतःचं घराणं त्यांनी दोन दिवसांत निर्दोष ठरवलं. आईच्या माहेरच्यांनी मात्र अख्खी वही भरली. मोखाड्याजवळ नाचणी पिकवणाऱ्या माझ्या मामालाही त्यांनी समोर बसवलं. "तुमच्या आजोबांच्या लघवीला मुंग्या लागायच्या का?"

मामा म्हणाला, "दाजी, आमच्याकं खायालाच साखर नव्हती, अंगात कुठून येल?"

बापूंनी लिहिलं, 'उत्तर असमाधानकारक.' मग दोन वर्षं ते मामाची पायरी चढले नाहीत.  माझी सुई रोज आईच टोचायची; नेमकं तेव्हाच बापूंना अंगणात काम निघायचं.

शेवटी आईला आणि मला बरोबर नेऊन त्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "रोगजंतूंशी लढणारी शरीराची ताकद हिच्यात आपल्याच पेशींवर उलटली. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्या ताकदीनंच मारल्या. तसा कल रक्तातून येतो, बहुधा थोडा तुमच्याकडून, थोडा बाईंकडून. पण तो असूनही बहुतेक मुलांना काही होत नाही. हिलाच का झालं, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. दोष कुणाचाच नाही."

"म्हणजे घरातलेच घरातल्यांवर उठले," आई म्हणाली. दोन वर्षांत ती या विषयावर पहिल्यांदाच बोलली. बापूंनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मला घेऊन मामाकडे गेले. अंगणात उभे राहिले, पण माफी मागायची सवय कुठे होती?

"नाचणी कशी आहे यंदा?"

"बरी हाये."

"आणि विहिरीला पाणी?"

मामानं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "दाजी, आधी जेवा. मंग इचारा."

बापू मुकाट्यानं जेवले. हात धुताना हळूच म्हणाले, "चुकलं माझं." मामानं ऐकू न आल्यासारखं करून त्यांच्या हातावर आणखी पाणी घातलं.

काही वर्षांनी बापू गेले. घर माणसांनी भरलं, रडारड झाली. त्या गर्दीतून मामा माझ्यापाशी आला, खाली बसला आणि म्हणाला, "बाय, सुई घेतली का तू?"