बापूची हळद

एकानं बापूचा एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि तिसरा हल्ली बापू स्वतःच सांगतो. काटेवाडीतल्या आम्हा चार मित्रांची संध्याकाळ त्यातच जाते.

पूर्वी बापू विहिरीत शर्ट घालून पोहायचा. अंगाला ऊन सोसत नाही म्हणायचा, आणि भर उन्हात दिवसभर उसाला पाणी द्यायचा! त्याची छाती बाईसारखी वाढली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. पण कोणी कधी विषय काढला नाही. त्याचा शर्ट वाळेपर्यंत काठावर बसून राहायचो.

*

चांगली चांगली स्थळं यायची, हा नाकारायचा. शेवटी इंदापूरची मुलगी मनापासून आवडली आणि गड्याचा चेहराच उतरला. आमच्याकडं नवरदेव आणि त्याचे मित्र उघड्या अंगानं हळदीला बसतात, बघायला अख्खं गाव. "रजिस्टर लग्न करतो, पर हळद नको," म्हणाला. मग मीच त्याला ओढत बारामतीला डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर म्हणाले, हे व्यायामानं जात नाही. बारीक छिद्रातून नळी घालून चरबी ओढून घ्यायची, त्याला लायपोसक्शन म्हणतात.

"मग मी इतकी वर्सं जोर कशापायी मारलं?"

डॉक्टरांनी त्याच्याकडं नीट बघितलं. "दंड झालेत की चांगले."

*

बापू सकाळ-संध्याकाळ डेअरीत दुधाचं फॅट तपासतो. ऑपरेशननंतर भूल उतरत होती, डोळेही उघडले नव्हते, आणि यानं सिस्टरना विचारलं, "फॅट किती लागलं?"

"भरपूर. झोपा आता."

*

गावात हर्निया म्हणून सांगितलं होतं. भेटायला आलेली आत्या पोट दाबून बघायची आणि बापू न दुखणारं पोट धरून कण्हायचा. दुखत होती छाती, शर्टाच्या आत, सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी घालायला दिलेल्या घट्ट प्रेशर जॅकेटमध्ये आवळलेली. आम्हाला हसूही येत होतं आणि त्याची दयाही.

*

हळद आली तरी जॅकेट अंगावरच होतं. आम्ही तिघांनी ठरवलं, सगळ्यांनीच बनियन घालून बसायचं, म्हणजे बापू एकटा वेगळा दिसणार नाही. त्याचं बनियन ऐनवेळी द्यायचं, आधी सांगितलं तर ओशाळला असता. आम्हाला बनियनवर बघून त्याच्या चुलत्यानं हटकलं, तेव्हा आम्ही म्हणालो, "आता हीच फॅशन हाय, तात्या."

बापूचं बनियन घेऊन मी घरात निघालो, तेवढ्यात बापूच बाहेर आला. डॉक्टरांना विचारून जॅकेट काढलेलं. कमरेला टॉवेल, वर पूर्ण उघडा, छाती सपाट. सगळ्या गावादेखत पाटावर बसला. आम्हा तिघांकडं एकेक करून बघितलं, आणि मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"काय रं, तुमची बी छातीची ऑपरेशनं झाली व्हय?"