मित्राच्या खुर्चीत बसवलेलं यंत्र

वाचनालयाच्या मास्तरांनी सांगितलं, अंकासाठी बघितलेल्या एखाद्या सिनेमावर लिहा. मी म्हटलं, माझी चौथीसुद्धा पुरी झालेली नाही. ते म्हणाले, सिनेमा बघायला चौथी लागत नाही. म्हणून लिहितो. चुका त्यांनी काढाव्यात.

सिनेमा जुना, इंग्रजी. आधीच्या एका सिनेमाचा दुसरा भाग आहे. नाव मला नीट म्हणता येत नाही, तेव्हा चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. पहिला भाग मी आणि आमच्या हिने बघितला होता, तोही चुकून. लग्न नवीन होतं. देवाचा सिनेमा लागलाय म्हणून आम्ही मांडवीहून, म्हणजे आमच्या वाडीतून, चालत थेटरात गेलो. आत बसल्यावर कळलं की देवाचं रीळ आलेलंच नाही, म्हणून हे लावलंय. दोन माणसं आकाशात एका यानात राहतात आणि लांब लांबची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करत फिरतात. एक बडबड्या, एक घुम्या. सारखी कुरबूर, पण एकाने हात पुढे केला की दुसरा न विचारता पाना देणार.

ही मला म्हणाली, "अवो, ह्यांच्या बायका कुठे असतात?"

मी म्हटलं, "घरी."

"मग बरोबर. तरीच एवढे मजेत हायत."

हे तिने हळू म्हणायचं होतं. पुढची रांग हसली. मला लाज वाटली, तिला नाही.

दुसरा भाग यंदा आषाढात टीव्हीवर दुपारचा लागला, हिंदीतून. ही गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर गेली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तेव्हापासून घरात टीव्ही कोणी मोठ्याने लावत नाही. त्या दिवशी सुनेने लावला आणि ते दोघे दिसले. केस पिकलेले, पण तेच. मी म्हटलं, राहू दे गो, बदलू नको.

आषाढात मला घर खायला उठतं. मासेमारी बंद, आमची लाँच, म्हणजे इंजिनाची मासेमारी होडी, किनाऱ्यावर ओढून शाकारलेली. बाहेर पाऊस, गुडघे उठू देत नाहीत. आधी हेच दिवस बरे जायचे. ही सुकटीच्या टोपल्या उलटसुलट करत बसायची आणि कोणाच्या घरात काय चाललंय ते सांगायची. आता माजघरात मी आणि माझी थोरली बहीण. तिला मी आक्का म्हणतो. ती तरुणपणीच विधवा झाली आणि माहेरी आली ती इथेच राहिली. आम्ही दोघं समोरासमोर बसतो, आणि ती मला सांगते की मी काय काय चुकतो.

तर सिनेमा. यावेळी ते फार लांब गेलेत. बाहेरचं काही तरी अडकतं, बडबड्या ते सोडवायला बाहेर पडतो, दोरी तुटते आणि तो जातो. एवढंच. ओरडणं नाही, रक्त नाही. घुम्या काचेतून बघतो, आणि तो लहान होत होत दिसेनासा होतो. मला हे पटलं. माणूस जातं ते असंच. काही दिसतच नाही. मग मागे वाद्यं वाजायला लागली, ते मात्र मला आवडलं नाही. एवढ्या जवळचं माणूस गेल्यावर घटकाभर गप्प बसू द्यावं.

पुढे खरी गोष्ट आहे. यान परत फिरवायचं तर दोन दांडे एकदम ओढावे लागतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. एका माणसाचं कामच नाही. म्हणून पृथ्वीवरचे लोक सांगतात, यानात एक यंत्रमाणूस ठेवलेला आहे, त्याला मित्राच्या खुर्चीत बसव. घुम्या बसवतो. तर ते यंत्र मित्राच्याच आवाजात बोलायला लागतं. त्याचेच विनोद, त्याचंच हसणं. "चल रे म्हाताऱ्या, दांडा धर."

घुम्या दांड्यावरचा हात काढून घेतो. खाली येता येत नाही, दार उघडता येत नाही, आणि समोर मेलेल्याच्या आवाजात कोणी तरी घरी चल म्हणतंय.

तेवढ्यात आमची वीज गेली.

वीज राहिली असती तरी मला पुढचं बघवलं नसतं. का ते सांगतो. आमच्याकडे हंगाम सुरू करायच्या आधी लाँचच्या मालकाने सत्यनारायण घालायचा असतो. पूजेला नवराबायको जोडीने बसतात. भटजी पळी-पळी पाणी सोडायला सांगतात, तेव्हा म्हणतात, "हाताला हात लावा," आणि बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते, म्हणजे ते दोघांचं होतं. आमची ही कोपराला हात लावायची. कथा लांबली की मला डुलकी येते. मग ती त्याच कोपराला चिमटा काढायची आणि तोंड मात्र देवाकडे.

बायको नसली तर पुरुषाने कमरेला सुपारी खोचून बसायचं. सुपारी म्हणजे बायको. असा रिवाज आहे.

गेल्या वर्षी दुखवटा म्हणून पूजा झाली नाही. नुसता नारळ वाढवला आणि लाँच सोडली. त्या हंगामात इंजिन दोनदा बसलं, जाळं खडकात फाटलं, एक खलाशी पाय मोडून घरी गेला. असं कोणाचंही होतं. पण तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा माणूस, माझ्याबरोबर इतकी वर्षं काढलेला, तो ओटीवर येऊन मुलाला सांगून गेला, यंदा पूजा झाल्याशिवाय कोणी लाँचवर चढणार नाही. दुसरीकडून बोलावणं हाय.

मुलगा मला म्हणाला, "बाबा, बसाल ना?"

मी म्हटलं, "तुम्ही दोघं बसा."

हे आक्काने ऐकलं. "बापूस जिता असताना पोराने बसायचं? म्हणजे बापाला मोडीत काढल्यासारखं झालं. लाँच कोणाची?"

"माझी."

"मग तू बस. सुपारी खोच नि बस. सगळे बसतात."

तिचं खोटं नव्हतं. आमच्यात पूजेला जो बसतो तो धनी. मुलगा बसला की लाँच मुलाची झाली. पुढे तांडेल विचारणार त्याला, माशाचा व्यापारी बोलणार त्याच्याशी. मी ओटीवरचा म्हातारा. आणि मी बसायचं तर सुपारी. जिने माझी लाँच उभी राहावी म्हणून डोक्यावर टोपली घेऊन लांज्यापर्यंत मासळी विकली, तिच्या जागी वाण्याकडची सुपारी, आणि मी पाणी सोडताना तिला बायको समजायचं. दोन्हीकडून दार बंद. वीज गेली तेव्हा टीव्हीतला तो आणि मी सारखेच बसलो होतो.

त्या संध्याकाळी भांडण झालं. मी म्हटलं, पूजाच नको. मुलगा म्हणाला, मग खलाशी तुम्ही आणा. मी म्हटलं, आणतो. तो म्हणाला, "कुठून? गुडघ्यावर रांगत जाऊन?" मग सून त्याच्यावर ओरडली, आणि तो उठून पावसात निघून गेला.

मुलगा गेल्यावर आक्का बोलली.

"तुझं एक मला कळत नाय. कसला एवढा माज?"

"माज नाय आक्का. ती सुपारी मला नको."

"तुला नको. तुला मिळते तरी. माझा घो गेला तेव्हा मला कोणी सुपारी दिली? खोच गो कमरेला नि बस, असं कोण म्हणालं? मी ह्या दारामागे बसते. तिथून कथा ऐकते. प्रसाद आणून देतात. पुरुषाची बायको मेली तर सुपारी होते, नि बाईचा नवरा मेला तर बाईच रद्द."

या घरात इतक्या पूजा झाल्या आणि आक्का कुठे बसते ते मी कधी मागे वळून बघितलेलंच नव्हतं. मी देवापुढे, ती माझ्या पाठीमागे, दाराच्या आड. तिने ते रडून सांगितलं नाही. तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुनेने राहिलेला सिनेमा मोबाइलवर शोधून दिला. "बाबा, शेवट बघा, म्हणजे डोक्यातून जाईल." स्क्रीन एवढीशी, माणसं मुंगीएवढी. पण बघितला.

घुम्या पुष्कळ वेळ नुसता बसून राहतो. यंत्र बोलत राहतं, विनोद सांगत राहतं. यानातली हवा संपत येते. शेवटी तो उठतो, यंत्राच्या पाठीमागे जातो आणि त्याचा आवाज बंद करतो. फक्त आवाज. हात चालू ठेवतो. मग आपल्या टोकाला जाऊन बसतो, हाताने खूण करतो, आणि दोघं आपापला दांडा ओढतात. यान फिरतं. घरी परत येईपर्यंत सिनेमात एक शब्द नाही. वाद्यंसुद्धा नाहीत. हे ज्याने केलं त्याला माणूस गेलेलं ठाऊक असणार.

सून म्हणाली, "बघा, त्याने पण शेवटी यंत्राचा हात घेतलाच ना." तिला सुचवायचं होतं ते मला कळलं. वाईट मुलगी नाही. नवऱ्याचा हंगाम बुडेल म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

मी म्हटलं, "त्याला दुसरी जागा नव्हती गो. यानात दोनच खुर्च्या."

सिनेमाबद्दल माझी तक्रार हीच. मोठा माणूस करून दाखवलाय त्याला, पण त्याच्यापुढे तिसरी जागा ठेवलीच नाही. बनवणाऱ्यांना एवढं मोठं आकाश सुचलं आणि एक जास्तीची खुर्ची सुचली नाही. आणखी एक, दोघांचे कपडे शेवटपर्यंत मळत नाहीत. इंजिनात हात घालणारी माणसं अशी नसतात.

श्रावणात पूजा झाली. करा म्हटलं मी, कोण बसणार ते मात्र सांगितलं नव्हतं. भटजी आले, केळीचे खांब लागले, खलाशी ओटीवर दाटीवाटीने बसले. वाडीतले चार जण आले. भटजींनी सुपारी तबकात काढून ठेवलेलीच होती. मला म्हणाले, "या यजमान."

मी मुलाला म्हटलं, "तू बस. दोघं बसा."

मुलाचा चेहरा पडला. त्याला वाटलं मी त्या दिवशीच्या बोलण्याचा राग धरला. म्हणाला, "बाबा, मी बोललो ते सोडा ना."

"सोडलं. बस आता. भटजींना अजून दोन घरं हायत."

सून पदर सावरून त्याच्या बाजूला बसली. मग मी उठलो. गुडघ्यांनी वेळ लावला, म्हणून सगळ्यांनी नीट बघितलं मी कुठे जातोय ते. मी दाराआड गेलो आणि आक्काच्या शेजारी जमिनीवर बसलो.

ती दचकली. "इथे कुठे? हा काय पुरुषांचा कोपरा हाय?"

"तुझा नवरा नाय, माझी बायको नाय. सरक थोडी."

"लोक हसतील रे."

"हसू देत."

"अडाणी तो अडाणीच राहिलास," ती म्हणाली, आणि सरकली.

तिथून देव दिसत नाही. मुलाची पाठ दिसते आणि सुनेचा हात. भटजी म्हणाले, हाताला हात लावा, तिने लावला. मी तेवढं बघितलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं. मला मोकळं वाटलं असं मी लिहिणार नाही. माझी लाँच माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची होत होती, आणि ज्या कोपऱ्यात आक्काने जन्म काढला त्याच कोपऱ्यात आता मी पण बसणार होतो. कथेत मला डुलकी आली. कोणी चिमटा काढला नाही. आक्का तर आधीच घोरत होती.

आरती झाल्यावर तांडेल सवयीप्रमाणे शोधत दारापर्यंत आला. वाकून मला विचारलं, "मालक, पाणी भरतीला हाय. उद्या पहाटे काढायची काय?"

ओठावर आलं होतं, काढ म्हणून. वारा कसा आहे, पहिली फेरी कुठे करायची, सगळं सांगायचं होतं.

मी मुलाकडे बोट केलं. "त्याला विचार."

तांडेल मुलाकडे गेला. आक्का जागी झाली होती. तिच्या हातात प्रसादाचा द्रोण आला होता. तिने त्यातला अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा. इथे शेवटी येतो, नि गार येतो. सवय कर."