देव नंतर बघू

देवरे मॅडम नव्या माणसाला गाव विचारत नसत आणि जात तर मुळीच नाही. त्या विचारायच्या, "तुमच्या घरी काय केलं की आई ओरडते?" सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या सोसायटीत त्या राहायला आल्या, तेव्हा सेक्रेटरी या नात्याने मी त्यांना पाण्याची वेळ सांगायला गेलो आणि या प्रश्नात तासभर अडकलो.

मी म्हणालो, "श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाच्या रोटाचा तुकडा भाऊबंदांबाहेर कुणाला दिला, तर आई घर डोक्यावर घेते. एरवी हीच बाई गल्लीभर पुरणपोळ्या वाटत फिरते."

मॅडमचा चेहरा खुलला. "बघा, ही झाली गंमत! धर्म शोधायचा तर इथून सुरुवात करायची. काय जपायचं आणि आपले कोण. देव नंतर बघू."

उधन्याच्या एका कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवत. वर्गात गुजराती, भाजीवाल्याशी हिंदी आणि भांडण पेटलं की धुळ्याकडची अहिराणी. घरात देव्हारा नव्हता, पण दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात काय काय आहे याची चौकशी दांडगी. आता त्या मुलीकडे नाशिकला असतात. फोनवर अजूनही आधी सोसायटीत काय नवीन ते विचारतात, माझी तब्येत मागाहून. मला त्यांची फार आठवण येते.

मी पांडेसऱ्याला कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. एकदा त्या तिथे आल्या. सकाळच्या पाळीला आमचा ऑपरेटर मशीनला अगरबत्ती ओवाळतो, पाया पडतो आणि मग बटण दाबतो. मी रोज पाहतो, त्यात बघण्यासारखं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. मॅडमनी त्याला विचारलं, "अगरबत्ती न लावता चालू केलं तर?"

"चालू तो होगा, मॅडम," तो म्हणाला, "पर अच्छा नहीं लगेगा."

झालं! आठवडाभर त्यांना दुसरा विषय नाही. "मशीन विजेवर चालतं हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी तो ओवाळतो. याला काय म्हणाल, सेक्रेटरी?"

"ड्यूटी," मी म्हणालो. त्यावर त्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

आमच्या सोसायटीला एक हॉल आहे. एका रविवारी खाली सत्यनारायण आणि गच्चीवर जागरण, दोन्हीकडे भोंगे लागले, हमरीतुमरी झाली आणि पोलीस आले. तेव्हा आमचे चेअरमन भामरे अण्णा यांनी ठराव करून टाकला : हॉलमध्ये धार्मिक कार्यक्रम बंद. लग्नं आणि बारशी चालतील.

"लग्नात भटजी काय सोसायटीचं ऑडिट करायला येतो का, अण्णा?" मॅडमनी तेव्हाच टोकलं होतं. अण्णांनी कानाआड केलं.

मग कोपऱ्यावरच्या मंगलाताईंचे यजमान गेले. रेल्वेत नोकरी केलेला, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा माणूस. मंगलाताई बौद्ध. गेलेल्या माणसासाठी करतात त्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावाकडून पाहुणे येणार आणि घर एका खोलीचं. त्यांनी हॉल मागितला आणि अण्णा स्वतःच्याच ठरावात अडकले. नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणावं तर उद्या सत्यनारायणवाले भांडायला उभे. मिटिंगमध्ये ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, आते तुम्हीच सांगा. धार्मिक म्हंजे नेमकं काय?"

मॅडम खूश! विषय घरचा होता आणि हेतूही चांगला. त्या म्हणाल्या, "काही अभ्यासकांची व्याख्या अशी आहे, की जिथे देव, आत्मे, असं काही माणसापलीकडचं मानतात, तिथे धर्म. मंगलाताईंच्या कार्यक्रमात ना देव, ना आत्मा. मग तो धार्मिक कसा? तुमचा ठराव शाबूत आणि त्यांना हॉलही मिळाला."

टाळ्या पडल्या. अण्णांनी घाम पुसला. मंगलाताई मात्र उठून उभ्या राहिल्या.

"मॅडम, एक बोलू का? माझा माणूस जन्मभर पंचशील म्हणत गेला. आता तो गेल्यावर त्याला धर्मच नव्हता असं सांगून मी हॉल घेऊ? नको मला. मी गल्लीत मंडप टाकते."

मॅडमचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"चुकलं माझं, मंगलाताई," त्या म्हणाल्या. "तुमची सोय बघायला गेले आणि तुमचाच अपमान करून बसले. ही व्याख्या करणाऱ्यांनी आपल्या घरातला देव पाहिला आणि धर्म म्हणजे हेच, असं ठरवून टाकलं. तुमच्यासारख्यांपाशी ती अडते, हे मी मुलांना दर वर्षी शिकवते. इथे मात्र सोयीची म्हणून तीच वापरली. दुसरे म्हणतात, माणसं काहीतरी वेगळं काढून जपतात आणि त्याच्याभोवती एक होतात, तो धर्म. मला ही जास्त पटते."

मागून एका पोराने विचारलं, "मग आम्ही हॉलमध्ये बघतो ती क्रिकेटची फायनल?"

"टीव्हीला हार कोणी घातला होता? आणि विकेट जाईल म्हणून शेवटपर्यंत जागेवरून कोण हललं नव्हतं? माझ्या हिशेबाने तुमचाही कार्यक्रम बंद!"

पोरांनी एकच गिल्ला केला. अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "मंग या हॉलमा चालंस तरी काय?"

"काहीच नाही, अण्णा. नाहीतर सगळंच. व्याख्या करून माणसं बाहेर ठेवायचं काम माझ्याकडून होणार नाही. भोंगे बंद करा आणि हॉल सगळ्यांना द्या."

ठराव तिथल्या तिथे रद्द झाला. अण्णा स्वतः मंगलाताईंपाशी गेले आणि म्हणाले, "बहिणी, हॉल तुना शे."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर बसली होती. पुढे बुद्धांची मूर्ती, मेणबत्त्या आणि यजमानांचा फोटो. मॅडम दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या कामात बाजूला राहून पाहणंच येतं आणि कुठल्याही कार्यक्रमात त्या तशाच उभ्या राहत. मंगलाताई आतून त्यांच्यापर्यंत चालत आल्या.

"मॅडम, बघायला आल्या की बसायला?"

मॅडम भिंतीपासून दूर झाल्या.

"बसायला," त्या म्हणाल्या आणि चपला काढून बायकांमध्ये जाऊन बसल्या. त्रिशरण सुरू झालं. त्यांना ते पाठ नव्हतं. शेजारच्या बाईच्या तोंडाकडे बघत, एक शब्द मागे राहून, त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.