ज्योतिबाने यंत्राला पाजलेला नारळ

वाशीच्या मार्केटात पंचवीस वर्षं गोणी वाहून ज्योतिबाच्या पाठीचं पार वाटोळं झालं होतं. बायको रंगूबाई चारचौघांत सांगायची, "ह्येंला वाकाया लावू नगा, वाकलं तर उठवाया चौघं लागत्यात." त्यामुळे नावड्याजवळ हायवेला गाड्या चार्ज करायचं स्टेशन झालं आणि ज्योतिबाला तिथं राखणदाराची खुर्ची मिळाली, तेव्हा स्वर्ग दोन बोटं उरला. बसायची नोकरी! अशा यंत्रांसाठी सरकार कंपनीला अनुदान देत होतं. थोडे पैसे यंत्र उभं केल्यावर, उरलेले ते चालल्यावर. यंत्र चाललं तरच खुर्ची राहील, एवढं ज्योतिबाला पक्कं कळलं होतं.

उद्घाटनाला मांडव, लाउडस्पीकर, मागे धडधडणारा जनरेटर. पाहुणे बोलले, "आपला महामार्ग... आता... हिरवा... होणार!" दर शब्दाला टाळ्यांची वाट बघत. यंत्राचा पडदा उजळला, एका गाडीला वीज मिळाली, फोटो निघाले. सगळे वड्यांवर तुटून पडले, तसा ज्योतिबा मागे राहिला. मार्केटात दसऱ्याला गोणी उचलायच्या हुकाला नारळाचा पहिला घोट पाजायची हमालांची रीत. गाडीत खुपसायची ती गन त्याने हातात घेतली आणि तिच्या तोंडात नारळपाणी ओतलं. "घे बाई, आदी तू."

तासाभरात पडदा विझला. तो विझलाच.

सात महिने गाड्या येत राहिल्या. "अंकल, ॲप में तो चालू दिखा रहा है!" एक पुणेकर काच खाली करून म्हणाले, "अहो, निदान पाटी तरी लावा. आम्ही काय ढकलत न्यायची का घरापर्यंत?" ज्योतिबा मान खाली घालून ऐकायचा. सुपरवायझर स्वानंदला फोन केला की ठरलेलं उत्तर: "काका, टेन्शन नका घेऊ. वरून माणूस येतोय." वरून चिटपाखरू आलं नाही. ज्योतिबा रोज ती गन पुसायचा, फुंकायचा, उन्हात धरायचा. रंगूबाईलाही काही सांगितलं नाही.

एका दुपारी स्वानंद ट्रक घेऊन आला. माणसं यंत्राचे नट खोलायला लागली, तसा ज्योतिबाचा बांध फुटला.

"सायेब, माज्याच हातनं मेलं ह्ये. म्या नारळाचं पाणी पाजलं तिला. पगार कापा, पर खुर्ची काडू नगासा."

स्वानंद पोट धरून हसला. "कसलं पाणी, काका! लाइट कधी जोडलीच नाय इथे. त्या दिवशी जनरेटरवर चालवलेलं. ट्रान्सफॉर्मर कोण बसवणार? त्या खर्चापेक्षा कंपनीने उरलेलं अनुदान सोडून दिलं. मशीन चाललं दुसऱ्या हायवेला."

"मंग म्या?"

"तुमी... बघू ना. फोन करतो."

सात महिन्यांचं पाप एका वाक्यात उतरलं, पण ज्योतिबाला हलकं काही वाटेना. आपण बिघडवलंय, म्हणजे कधीतरी कोणी दुरुस्त करील, या एका आशेवर तो रोज येत होता. जे कधी जोडलंच नव्हतं, ते कोण दुरुस्त करणार?

यंत्र ट्रकवर चढलं. खुर्चीही कंपनीचीच, तीही चढली. ट्रक गेला. ड्युटी सहाला सुटायची आणि घरी जा असं कोणीच म्हटलं नव्हतं. ज्योतिबा यंत्राच्या उघड्या चौथऱ्याशेजारी उभा राहिला. पाचच्या सुमारास एक गाडी थांबली.

"काका, इथे चार्जिंग होतं ना?"

"न्हवतं," ज्योतिबा म्हणाला. "कवाच न्हवतं."