खाट नंबर अकरा

त्या घटनेला किती वर्षे लोटली, तरी ती मनातून जात नाही. नोकरीत मी मुडदे पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका हादरलो नाही. इथे कोणाचेही नाव मी घेणार नाही. ते का, हे वाचताना कळेलच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी हवालदार होतो. घर कोकणात, खाडीच्या काठाला. शाळा सातवीत सुटली. अक्षर बरे म्हणून ठाण्यात लिहायला बसवले. दवाखान्यात विषाची, भाजल्याची किंवा मारहाणीची केस आली की डॉक्टर ठाण्यात चिठ्ठी पाठवतात, तिला वर्दी म्हणतात. ती स्टेशन डायरीत उतरवायची, जबाबाला माणूस पाठवायचा, हे माझे काम. मनात सारखी धास्ती असायची की एखादी चूक झाली तर पेटी उचलून गावी परत जावे लागेल.

एका दुपारी मिरजेच्या एका दवाखान्यातून वर्दी आली. मुंबईची एक बाई माहेरी इस्लामपूरकडे आली होती. अंगात ताप होता, ग्लानीत औषध समजून तिने फवारणीच्या औषधाची बाटली तोंडाला लावली. जीव वाचला. आम्ही जबाब घेतला. बाईचा, भावाचा, डॉक्टरांचा जबाब एकच होता, चुकून घेतले. आमच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटले.

दोन दिवसांनी गावच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी आली: ‘टीव्हीवरच्या निवेदिकेने विष घेतले.’ खाली नाव, माहेरचे गाव, दवाखाना, जनरल वॉर्ड, खाट नंबर अकरा. ‘चुकून’ हा शब्द कुठेच नव्हता. वर घरातल्या भांडणाची शंका जोडलेली.

ती बाई टीव्हीवर दिसते हे मला त्या दिवशी कळले. मी टीव्ही पाहिलाच नव्हता. आमच्या भागात तो दिसतही नव्हता. लोक तिला ओळखायचे ते साप्ताहिकांतल्या फोटोंवरून. तरी दुपारपर्यंत दवाखान्यापुढे जत्रा भरली. मी बंदोबस्ताला होतो. एका म्हाताऱ्याला फाटकात अडवले.

“बाबा, कुठे चाललात?”

“टीव्हीतली बाई बघाय.”

“टीव्ही पाहिलाय का कधी?”

“न्हाई की. टीव्ही न्हाई तर न्हाई, बाई तरी बघतो!”

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणे आज मला टोचते. आत लोक खाट नंबर अकराला वेढा घालून उभे होते, आणि तिथे कंबर मोडलेली एक म्हातारी “आवं, मी न्हवं ती” म्हणून रडत होती.

संध्याकाळी बाईंचा भाऊ ठाण्यात आला. टेबलावर पेपर आपटून म्हणाला, “साहेब, ही बातमी फोडली कोणी? माझ्या बहिणीची नोकरी करारावरची हाय. तिकडनं तार आली, कामावर यायच्या आधी खुलासा द्या म्हणून.”

आमचे फौजदारसाहेब साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. त्यांनी मला सांगितले, “शोधून काढ. पण दमानं.”

मी आधी बातमीदाराला गाठले. तो नेहमीचा, हसतमुख माणूस. म्हणाला, “हवालदार, हे तुम्ही विचारताय?” आणि पोट धरून हसला. मला तो उर्मटपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्याच एकाने खबर दिली. बाईंच्या खोलीवर जी मावशी कामाला आहे, तिचा जावई त्याच पेपरच्या छापखान्यात मशीनवर आहे. मला वाटले, झाले काम. मावशी कडेगावकडची, विधवा, बरीच वर्षे दवाखान्यात आया होती. व्यवस्थापकांनी तिला कामावरून बाजूला करून व्हरांड्यात बसवून ठेवले होते. पोलिसांनी हो म्हटले की घरी पाठवणार होते.

‘दमानं’ हा शब्द मी विसरलो. भर व्हरांड्यात, पेशंटांच्या नातेवाइकांसमोर, तिच्यावर ओरडलो. “दुसऱ्याच्या घरातलं विकून खातेस? जावयाला किती वेळा सांगितलंस?”

ती खाली मान घालून ऐकत होती. मी थांबल्यावर तिने वर पाहिले.

“झालं तुमचं? आता माजं ऐका. जावई माजा महिनाभर गावाला हाय, पाय मोडून. आन् दुसरं, म्या सांगितलं असतं तर खाट अकरा कशाला सांगितलं असतं? बाईस्नी आणलं, अर्ध्या तासात डाक्टरनी वरच्या खोलीत हलवलं. म्याच तर चादर घातली. हितल्या झाडूवाल्याला बी ठावं हाय. अकरा नंबर सांगणारा मानूस दवाखान्यातला न्हवंच.”

खाट अकरा कोणाला माहीत होती? वर्दीच्या चिठ्ठीला. चिठ्ठी पेशंटला दाखल करतानाच लिहितात. आणि चिठ्ठी आली होती ठाण्यात.

सायकल कशी मारली ते आठवत नाही. डायरी उघडली. माझ्याच अक्षरात होते: जनरल वॉर्ड, खाट नंबर अकरा.

मग सगळे डोळ्यांपुढे आले. रोज सकाळी हजेरी झाली की तो बातमीदार यायचा. चहा यायचा. मी डायरी वाचून दाखवायचो आणि तो लिहून घ्यायचा. सायकलचोरी, बांधावरची मारामारी, विषबाधा. माझ्या आधीच्या हवालदाराने असेच केले, मीही केले. त्या सकाळी बाईंचे नाव वाचले तेव्हा त्याची पेन्सिल थांबली होती. “राहणार मुंबईच ना?” त्याने विचारले. “होय,” मी म्हणालो आणि पुढची नोंद वाचली. वाचून दाखवणे म्हणजे सांगणे, हे माझ्या डोक्यात कधी आलेच नव्हते. दोन दिवस मी ज्याला शोधत होतो तो मीच होतो.

डायरी तशीच उचलून साहेबांपुढे ठेवली. “साहेब, माझी नोकरी...”

साहेबांनी नोंद दोनदा वाचली. चष्मा काढला. म्हणाले, “तुझ्या नोकरीचं मागनं बघू. आधी मावशीच्या नोकरीचं बघ. आन् हे बघ, तू वाचत होतास तवा मी पलीकडच्या खुर्चीवर चहा पीत हुतो. लिहिताना दोघांचं लिहीन.”

त्यांनी वरिष्ठांना तसेच लिहिले. मला ताकीद मिळाली, त्यांना ठपका. कोकणातल्या माझ्या घरात चूल पेटत राहिली ती त्या माणसामुळे. ते उपकार मी कधी बोलून दाखवू शकलो नाही.

त्याच दुपारी मी वरच्या खोलीत गेलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी सगळे सांगितले. वाटले, चिडतील. त्यांनी उशी सरळ केली. मग म्हणाल्या, “हवालदार, बरी झाल्यावर मी पुन्हा पडद्यावर बसेन. हसेन. आजवर लोक फक्त हसू बघायचे. आता माझ्या चेहऱ्यात काय शोधतील?” मी निघालो तेव्हा एवढेच म्हणाल्या, “त्या मावशींना घालवू देऊ नका.”

पेपरने पुढे खुलासा छापला. चार ओळी, आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली. तो बाईंनी मुंबईला पाठवला. त्यांची नोकरी टिकली, एवढे भावाकडून कळले.

मग मावशी. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. व्यवस्थापकांना लेखी देऊन झाले होते, तिला कामावर घेतले होते. चादरींच्या खोलीत ती घड्या घालत होती. मी आत गेलो, दार ओढून घेतले आणि हात जोडले. “मावशी, चूक माझी होती. माफ करा.”

तिने घडी पुरी केली.

“दार का लावलंसा?”

“नाही... सहज.”

“वरडलासा तवा कुठं लावलं हुतं?”

तिने स्वतः जाऊन दार उघडले आणि बाजूला उभी राहिली. मी व्हरांड्यात गेलो. गणवेशात होतो. डबे घेऊन बसलेल्या लोकांसमोर मोठ्याने म्हणालो, “या मावशींनी काही केलेले नाही. बातमी आमच्या ठाण्यातून, माझ्याकडून गेली.” कोणीतरी घास हातात धरून बघत राहिले. एकाने “ऐकलं काय रं” म्हणून शेजाऱ्याला कोपर मारले.

त्यानंतर मी कोणालाही डायरी वाचून दाखवली नाही. पुढे अधिकारी झालो तेव्हा माझ्या प्रत्येक ठाण्यात ती चहाची पद्धत पहिल्या दिवशी बंद केली. पेपरवाल्यांना द्यायचे ते मी लिहून देई, आणि माणूस दवाखान्यात असेल तर त्याचे नाव नसे. काही जण रागावले. रागावू दिले.

पण खरे शिकवले ते त्या व्हरांड्याने. बोलून झाल्यावर मी मान वर केली तर निम्मे चेहरे नवे होते. आदल्या दिवशी माझे ओरडणे ऐकणारे आपापला पेशंट घेऊन घरी गेले होते, कोणी जतला, कोणी विट्याला, कोणी कृष्णेपलीकडे. त्यांच्या सांगण्यात मावशी चोरच राहणार होती, आणि त्यांचा पत्ता कोणत्याच डायरीत नव्हता.

मी मावशीकडे पाहिले. ती म्हणाली, “जेवढी हायती तेवढ्यांनी तरी ऐकलं. जावा आता.”